पाच निघाले, पोचले किती? राजगड-तोरणा-रायगड आणि ग्रुपने ट्रेक पूर्ण करण्याची भानगड

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कमी केलेत. सगळे काढले असते तर माझं बोलणंच उरलं नसतं.)

 

मागच्या ट्रेकिंगच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "ताई, चार दिवसांचा मोठा ट्रेक मित्रांसोबत करायचाय, सॅकमध्ये काय काय घेऊ?" यादी देते, पण अगदी शेवटी आणि घाईघाईत. कारण सामान विसरल्यामुळे अडकलेले ग्रुप मी फार बघितले नाहीत. सुरुवात एकत्र करून शेवटी तीन तुकड्यांत घरी आलेले मात्र पुष्कळ बघितलेत. हे असं का होतं, ते आज बोलू. आमचंही तसंच झालं होतं, आणि त्यात मोठी चूक माझी होती. म्हणून थोडं अधिकाराने बोलतेय म्हणा.

आधी एक शब्द समजून घेऊ. इन्स्टावर हल्ली 'थ्रू-हाइक' हा शब्द सारखा दिसतो. लांबच्या पायवाटेच्या एका टोकाला चालायला सुरुवात करायची आणि मधला एकही तुकडा न गाळता दुसऱ्या टोकाला पोचायचं, म्हणजे थ्रू-हाइक. यातली सगळ्यात गाजलेली वाट अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल. जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिनपर्यंत साधारण ३,५०० किलोमीटर, १४ राज्यं, चालायला पाच ते सात महिने. बेंटन मकाय नावाच्या माणसाने १९२१ मध्ये ही कल्पना लेख लिहून मांडली. १९४८ मध्ये अर्ल शेफर हा दुसऱ्या महायुद्धातून परतलेला सैनिक ती एका दमात चालला, आणि पहिला थ्रू-हायकर म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तिथं दरवर्षी हजारो लोक निघतात, त्यातला साधारण चारातला एक शेवटपर्यंत पोचतो. बाकीचे तिघं का सोडतात? कुणाचे पैसे संपतात, कुणाची सुट्टी संपते, कुणाचं पाऊल मोडतं, कुणाला घरची आठवण येते. वाटेत भेटून एकत्र चालायला लागलेल्या टोळीला तिथं 'ट्रॅमिली' म्हणतात, ट्रेल अधिक फॅमिली. या ट्रॅमिल्याही फुटतात. पुढे एका गोष्टीसाठी मी या वाटेकडे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

आपल्याकडे पाच महिन्यांची रजा कोण देतंय! आपले ट्रेकर जे करतात त्याला 'रेंज ट्रेक' म्हणतात. म्हणजे एकच गड चढून त्याच वाटेने उतरायचं नाही, डोंगररांग धरून पुढे पुढे जात राहायचं. त्यातला सगळ्यांच्या स्वप्नातला म्हणजे राजगड-तोरणा-रायगड. शिवाजी महाराजांच्या पहिल्या राजधानीपासून दुसऱ्या राजधानीपर्यंत, जिथं ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. गुंजवण्यातून राजगड चढायचा, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडायचं, धारेधारेने तोरण्यावर जायचं, तोरण्यावरून भट्टी, गेळगाणी, हारपूड अशा वाड्यावस्त्या करत मोहरीला पोचायचं, मग घाटमाथा सोडून नाळेने कोकणात उतरायचं आणि चौथ्या दिवशी रायगड. किलोमीटर मोजले तर फार नाहीत. पण तोरणा जवळपास १,४०० मीटर उंच आहे. तिथून कोकणाच्या तळाला यायचं आणि मग परत रायगड चढायचा. अख्ख्या ट्रेकचा हिशोब या चढउतारांत आहे.

आमचा ग्रुप पाच जणांचा. नावं घेत नाही, कारण ते सगळे हा पॉडकास्ट ऐकतात आणि मग मला ऐकवतात. एक कोल्हापूरकर, तालमीतला, कायम सगळ्यांच्या पुढे. एक सीए, तेव्हा फायनलचा पेपर देऊन नुकताच मोकळा झालेला. एक मैत्रीण फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. चौथी माझी मामेबहीण, वय एकोणीस, ग्रुपमध्ये तिला सगळे छोटी म्हणतात. आणि मी. प्लॅन माझा, नकाशे माझे, त्यामुळे लीडरही मीच. साल २०१९, डिसेंबरचा शेवट.

पहिल्या दिवशी गुंजवण्यातून अंधारातच निघालो. चोर दरवाजाने पद्मावती माची, तिथं डब्यातले पराठे, आणि उन्हं वर यायच्या आत संजीवनी माची. सगळं झकास चाललं होतं. माझ्याकडे तासांचं वेळापत्रक होतं, छापून, लॅमिनेट करून. हसू नका.

ते मी कसं काढलं होतं ते सांगते, कारण ही चूक सगळे करतात. डोंगरात चालायला किती वेळ लागेल याचा एक जुना नियम आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये सांगितला. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर चढायच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. समजा, दिवसभरात १५ किलोमीटर चाल आणि ९०० मीटर चढ आहे. तीन तास अधिक दीड तास, झाले साडेचार. कागदावर मस्त दिसतं. पण यात विश्रांती नाही, पाणी भरायची वेळ नाही, पाठीवरची बारा किलोची सॅक नाही, घसाऱ्याचा उतार नाही, वाट चुकणं नाही आणि "थांबा, एक फोटो" तर नाहीच नाही. हा एका तयारीच्या माणसाचा, चांगल्या वाटेवरचा वेळ आहे. सह्याद्रीत, पाच जणांसाठी, मी आता सरळ दुप्पट धरते. तेव्हा धरला नव्हता.

आणि आता ती गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं.

राजगड-तोरणा धार बघितली असेल तर आठवा. गवत, कारवी, मधेच चिंचोळी वाट, एकामागे एकच माणूस जाऊ शकतो. अशा वाटेवर ग्रुप पेटीच्या भात्यासारखा होतो, ताणतो आणि आकसतो. कोल्हापूरकर पुढे. तो एका टेपाडावर पोचला की सॅक टेकवून बसतो, पाणी पितो, चिक्की खातो. पाच मिनिटांनी मी पोचते. दहा मिनिटांनी सगळ्यात मागचा, म्हणजे सीए. तो पोचला की कोल्हापूरकर उठतो, "चला, आले सगळे, निघूया!"

कळलं का काय झालं? सगळ्यात जोरात चालणाऱ्याला पंधरा मिनिटं विश्रांती मिळाली. सगळ्यात दमलेल्याला शून्य. आणि असं दिवसातून दहा वेळा होतं. पुढचा ताजातवाना होत जातो, मागचा अजून मागे पडत जातो. वर त्याला वाटतं, सगळे माझ्यामुळे खोळंबलेत. मग तो स्वतःच म्हणतो, "नाही नाही, मी ठीक आहे, चला." त्याला दुष्ट कुणी वागवत नसतं. कोल्हापूरकर तर इतका चांगला, की दोनदा मागे येऊन सीएची सॅक उचलून घेऊन गेला. घोळ माणसांत नव्हता, थांबायच्या पद्धतीत होता.

यावर उपाय फुकट आहे. विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस बसल्यावर सुरू करायचं. पुढचा आधी पोचला तर त्याला बोनस, पण निघायची वेळ मागच्याच्या बसण्यापासून मोजायची. दुसरं म्हणजे वाट सोपी असेल तिथं सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचं. त्याला ऐकून घ्यावं लागत नाही आणि बाकीचे आपोआप त्याच्या चालीला येतात. आणि मागे कायम एक ठरलेला माणूस, ज्याच्या मागे कुणी राहायचं नाही. हे काम ज्याच्याकडे असतं त्याचा दिवस कंटाळवाणा जातो, म्हणून रोज बदलायचं.

हे शहाणपण आज आहे. त्या दिवशी मी लॅमिनेट केलेला कागद बघत होते, आणि आम्ही दीड तास मागे होतो.

अंधार पडता पडता बुधला माचीवरून तोरण्यात शिरलो. मेंगाईच्या देवळात मुक्काम, टाक्यातलं पाणी फडक्यातून गाळून घेतलेलं, खिचडी खाली करपलेली. (गडांवर राहायचे नियम त्यानंतर बदलत गेलेत. तुम्ही जाणार असाल तर आधी पायथ्याच्या गावात विचारा आणि बंदी असेल तर गावातच राहा. गावातलं जेवण आमच्या खिचडीपेक्षा केव्हाही बरं.) रात्री सीए गुडघ्याला बाम चोळत होता. मी विचारलं, "काय रे?" तो म्हणाला, "काही नाही, सवय नाही ना." मी स्लीपिंग बॅगेत शिरले.

दुसऱ्या दिवशी तोरणा उतरायला लागलो. इथं फिजिओने आम्हाला जे समजावलं, ते तुम्हालाही सांगते, पण तिने ते नंतर समजावलं, तेव्हा नाही. आपल्याला वाटतं, चढताना त्रास, उतरताना मजा. दम लागण्याच्या दृष्टीने ते खरं. पण उतरताना दर पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूला ब्रेकचं काम करावं लागतं. तो ताणला जात असतानाच आवळायचा प्रयत्न करतो, आणि या प्रकारच्या कामात स्नायूचे तंतू जास्त दुखावतात. गंमत म्हणजे ते दुखणं लगेच कळत नाही. ते २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त जाणवतं. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या दिवशीच्या उताराचं बिल तिसऱ्या दिवशी येतं. आणि आमच्या प्लॅनमध्ये तिसऱ्या दिवशी काय होतं? अख्ख्या ट्रेकमधला सगळ्यात वाईट उतार.

मांडी थकली की ब्रेकचं काम गुडघ्यावर येतं. म्हणूनच काठी घ्या म्हणते मी, जमलं तर दोन. काठी म्हातारपणाची नाही, थोडा भार हातांवर घेते आणि गुडघ्याला सुट्टी देते. आमच्यात फक्त फिजिओकडे होती. बाकीच्यांनी तिची चेष्टा केली होती, मीही.

तर दुसरा दिवस. सीए तीनदा थांबला, "बुटात खडा गेलाय" म्हणून. तिन्ही वेळा बूट काढला, झटकला, घातला. खडा काही पडताना दिसला नाही. उतरताना तो प्रत्येक दगडावर डावाच पाय आधी खाली टाकत होता आणि उजवा जपून, जवळजवळ सरळ ठेवून खाली आणत होता. हे मी बघितलं. नुसतं दिसलं नाही, नीट बघितलं. आणि गप्प बसले. कारण हारपूडला दुपारचे दोन वाजले होते, मोहरी अजून लांब होती आणि डिसेंबरात सहा वाजता अंधार होतो. मला वाटलं, विचारलं तर तो "दुखतंय" म्हणेल, मग काहीतरी ठरवावं लागेल. न विचारता गाडी चालतेय तर चालू दे.

त्याच दुपारी भांडणही झालं. विषय होता ग्लुकोजच्या बिस्किटांचा शेवटचा पुडा. छोटीने तो न सांगता फोडला होता. कोल्हापूरकर तिला काहीतरी बोलला, ती रडली, मी दोघांवर ओरडले. आज हसू येतं. पण ज्यांनी असा ट्रेक केलाय त्यांना माहितीये, दुसऱ्या दिवशी दुपारी हे भांडण येतंच. पोट रिकामं, डोक्यावर ऊन, आणि पहिल्या दिवसाचा उत्साह संपलेला. बिस्किटाचं निमित्त. आता मी दर तासाला सगळ्यांनी काहीतरी तोंडात टाकायचं, भूक लागो न लागो, असा नियमच केलाय. भांडणं निम्म्यावर आली.

मोहरीत ज्या घरी उतरलो तिथल्या मावशींनी तांदळाची भाकरी, पिठलं आणि लसणाचा ठेचा वाढला. सीएला त्यांनी उंबऱ्यावरूनच ओळखलं. "ह्या पोराचा पाय गेलाय. उद्या नाळेत उतरवू नगा त्याला, हितनं गाडी मिळंल." सीए हसला, "नाही हो मावशी, शेक दिला की होईल बरा." मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी भाकरी मोडत होते.

इथं जरा थांबून सुटकेच्या वाटांबद्दल बोलते. कुठल्याही रेंज ट्रेकच्या नकाशावर आधी या वाटा शोधायच्या. म्हणजे जिथून डांबरी रस्ता, गाडी, दवाखाना गाठता येतो अशा जागा. राजगड-तोरणा धार मधेच एका रस्त्याला छेदते, तिथं पहिली. तोरण्यावरून वेल्हे, दुसरी. घाटमाथ्यावरची गावं, तिसरी. आणि मग नाळ. नाळ म्हणजे घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी दगडाधोंड्यांनी भरलेली घळ, पावसाळ्यात ओढा आणि हिवाळ्यात वाट. एकदा नाळेत शिरलं की खाली पोचेपर्यंत सुटकेची वाट नाही. परत वर चढणं तेवढंच कठीण. म्हणून खरा निर्णय नाळेच्या तोंडाशी घ्यायचा असतो. तिथं प्रत्येकाला, बाजूला घेऊन, एकेकट्याला विचारायचं. सगळ्यांसमोर विचारलं तर कुणीच खरं सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे रायलिंग पठारावर गेलो. समोर लिंगाणा, त्याच्यामागे धुक्यातून वर येणारा रायगड. तिथं उभं राहिल्यावर कुणाच्या मनात "इथून परत जाऊ" असं येणं शक्यच नाही. हाच तर घोळ आहे. शेवट डोळ्यांसमोर दिसत असताना माणूस शरीराचं ऐकत नाही. नाळेच्या तोंडाशी मी सगळ्यांसमोर विचारलं, "सगळे ओके?" पाच अंगठे वर. त्यात माझाही.

सिंगापूर नाळ म्हणजे घाटमाथ्यावरच्या सिंगापूर गावाजवळची, आणि ती उतरते दापोली गावात. हो, सिंगापूरहून दापोलीला चालत. आणि ती दापोली समुद्राची नाही, महाड तालुक्यातली. घरी फोनवर सांगताना आईचा फार गोंधळ झाला होता.

पाव नाळ उतरली असेल आणि सीए खाली बसला. खड्याचं निमित्त न सांगता. चेहरा पांढरा. फिजिओने गुडघा तपासला, बाहेरच्या बाजूला बोट दाबलं तसा तो कळवळला. "कधीपासून?" "परवा. तोरण्याच्या आधीपासून." ती त्याला काहीच बोलली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मांडीच्या बाहेरून कंबरेपासून गुडघ्याखाली जाणारी एक जाड पट्टी असते, ती गुडघ्यापाशी घासून सुजते, धावणाऱ्यांना आणि उतारावर चालणाऱ्यांना होतं. वेळेवर थांबलं तर थोड्या दिवसांत बरं होतं. दोन दिवस तसंच चाललं तर असं होतं.

उरलेली नाळ उतरायला आम्हाला पाच तास लागले. कोल्हापूरकराने दोन सॅक घेतल्या, एक पाठीवर, एक पोटावर. फिजिओने तिच्या दोन्ही काठ्या सीएला दिल्या. छोटी पुढे राहून हलणारे दगड सांगत होती, "हा नको, हा नको, ह्याच्यावर ठेव." त्या पाच तासांत कुणी भांडलं नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. पुढचा कुणी पुढे गेला नाही. जे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं ते आम्ही तेव्हा केलं, नाइलाजाने.

संध्याकाळी दापोलीत एका अंगणात बसून चर्चा. पुढचा दिवस होता वारंगी, वाघेरीकडून काळ नदीच्या खोऱ्यातून रायगडवाडी आणि वर गड. सीए म्हणाला, "चढच आहे ना, चढताना कमी दुखतं. मी येणार." कोल्हापूरकर म्हणाला, "तू येडा आहेस का?" छोटी म्हणाली, "हा नाही तर मीपण नाही." म्हणजे एकाचं दुखणं आणि एकीचा हट्ट, पाचातले दोन गळले. मी मनात आकडेमोड करत होते, चौघं गेलो तर, तिघं गेलो तर. मग फिजिओ म्हणाली, "गडापर्यंत पोचायलाच दिवसभराची चाल आहे. माझ्या पेशंटला मी पाठवणार नाही. आणि तो पेशंट आहे, हे काल कुणीतरी विचारलं असतं तर आज नाळेत उतरलाच नसता." 'कुणीतरी' म्हणजे मी. सगळ्यांना कळलं.

ठरलं असं की सीए सकाळी जीपने हिरकणीवाडीला जाईल आणि रोपवेने वर येईल. आम्ही चालत. छोटीला त्यानेच पटवलं.

रायगडवाडीतून नाणे दरवाजाच्या वाटेने चढलो. महादरवाजातून आत, हत्ती तलाव, आणि होळीच्या माळावर सीए बसलेला, क्रेप बँडेज बांधून, हातात आमच्यासाठी ताकाच्या पाच बाटल्या. मिठ्या मारल्या, रडारड झाली. जगदीश्वराच्या देवळापाशी गेलो, ज्याच्या पायरीवर रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलंय, समाधीपाशी डोकं टेकलं. मग फोटो. सीए म्हणाला, "द्या इकडे फोन, मी काढतो तुमचा." आम्ही म्हटलं, ये की मध्ये. तो म्हणाला, "मी रोपवेने आलोय रे." आणि फोटो काढला त्याने, चौघांचा. परतीच्या एसटीत छोटीने पोस्ट टाकली, "राजगड-तोरणा-रायगड, पाच जण, पूर्ण!" खाली पहिली कमेंट सीएची. "४.५."

आता त्या ॲपलाचियन वाटेकडे परत येते. तिथं ॲपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी नावाची संस्था पूर्ण वाट चाललेल्यांची नोंद करते. त्यांना म्हणतात '२,००० मैलर'. यात एका वर्षाच्या आत अख्खी वाट चालणारे येतात, आणि तुकड्यातुकड्याने, अगदी वीस-तीस वर्षं घेऊन चालणारेही येतात. त्यांना सेक्शन हायकर म्हणतात. दोघांना तीच नोंद, तोच मान. पुरावे मागत नाहीत, माणसाच्या शब्दावर विश्वास. वाटेचा क्रमही पाहिजे तसा. अट एकच, तुकडा गाळायचा नाही. हे मी कुठंतरी वाचलं आणि रात्री अकरा वाजता सीएला पाठवलं. त्याने फक्त विचारलं, "कधी?"

दापोली ते रायगड, एवढाच तुकडा राहिला होता. आधी त्याने तीन महिने गुडघ्याला व्यायाम दिला, फिजिओच्या धाकात. मग लॉकडाऊन आला, तो वेगळाच गेला. शेवटी एका जानेवारीत आम्ही पाचही जण महाडहून जीप करून दापोलीत उतरलो, पहिल्या वेळी बसलो होतो त्याच अंगणात चहा प्यायलो आणि निघालो. सीए पुढे. मागे राहायचं काम माझं, मागून घेतलेलं. लॅमिनेट केलेला कागद नव्हता. दर थांब्याला मी सगळ्यांत शेवटी बसायचे, आणि कोल्हापूरकर मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावायचा. गड चढताना सीए दोनदा स्वतःहून म्हणाला, "दुखतंय, थांबूया." दोन्हीदा थांबलो. महादरवाजात पोचल्यावर त्याने आधी खिशातून फोन काढला. नेटवर्क नव्हतं. माळावर आल्यावर आलं. छोटीच्या जुन्या पोस्टखालची स्वतःची कमेंट त्याने शोधली, डिलीट केली आणि नवी टाकली. "५." तेव्हा फोटो एका ट्रेकर काकांनी काढला.

बरं, यादी, घाईघाईत. जायचं ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत, पावसात नाळेत उतरायचं नाही. पाणी माणशी तीन ते चार लिटर, सोबत ओआरएस, नुसतं पाणी ढोसत राहू नका. मोज्यांचे तीन जोड, ओले मोजे रात्री लगेच काढायचे. टाचेला मायक्रोपोर टेप फोड यायच्या आधी लावायचा, नंतर नाही. निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापायची, नाहीतर उतारावर काळी पडतात. ऑफलाइन नकाशा, फोन एअरप्लेन मोडवर, पॉवर बँक, हेडटॉर्च. रोख पैसे घ्या, कारण वाडीत रेंज नसली की युपीआय चालत नाही आणि मावशींना "नंतर पाठवतो" सांगायची वेळ येते. घरी कुणा एकाकडे मुक्कामांची यादी द्या. बिस्किटांचे पुडे माणशी वेगळे.

आणि क्रेप बँडेज. ते आता सीए आणतो, दोन.